पावडरवाले ग्लोव्हज मागवणं आता तरी बंद करा

पाकीट फाडायचं, ग्लोव्ह ओढायचा, मनगटाशी त्याची कड सोडायची. फट्‌ आवाज होतो आणि ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या दिव्याखाली पांढरा धुरळा उडतो. दिवसभर, प्रत्येक केसला, प्रत्येक हाताला. हा धुरळा सिस्टरच्या नाकात जातो, उघड्या जखमेवर बसतो, ट्रॉलीवर आणि एसीच्या जाळीवर साचतो. आणि २०१६ सालीच अमेरिकेने ज्यावर फुली मारली, तो माल आपल्याकडे आजही खोक्यांनी स्टोअरमध्ये उतरतो. संताप येतो तो याचा.

ही पावडर असते कशाला? फक्त ग्लोव्ह हातावर सरकावा म्हणून. मक्याचा स्टार्च आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडं मॅग्नेशियम ऑक्साइड, एवढंच तिच्यात असतं. जंतू रोखायला तिचा काडीचा उपयोग नाही. पूर्वी टाल्क वापरायचे. त्याने पोटात गाठी होतात, आतडी चिकटतात हे कळल्यावर १९४०च्या दशकात स्टार्च आला, कारण तो शरीरात शोषला जातो असं म्हणत. पुरता शोषला जात नाही, त्यानेही गाठी होतात, हे कळूनही कित्येक दशकं झाली.

बरं, दुखणं नुसत्या स्टार्चचं असतं तरी एक वेळ समजलं असतं. ग्लोव्हज ज्याचे बनतात त्या लॅटेक्समध्ये, म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकात, त्या झाडाची प्रथिनं असतात. ती पाकिटातच पावडरीच्या कणांना चिकटतात. ग्लोव्ह ओढला की कण उडतात, प्रथिनं हवेत येतात आणि कित्येक तास तिथेच राहतात. म्हणूनच, ‘ज्या सिस्टरला त्रास होतो तिला नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) देऊन टाका’ हे उत्तर ऐकलं की डोकं फिरतं. त्या सिस्टरने नायट्राइल घातले, पण त्याच खोलीत बाकी चौघे पावडर उडवत असतील तर तिच्या फुप्फुसांना काय फरक पडला? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! याउलट बाकीच्यांनी पावडर-फ्री, कमी प्रथिनांचे लॅटेक्स ग्लोव्हज घातले आणि तिने नायट्राइल किंवा निओप्रीन (तेही कृत्रिम रबरच), तर बहुतेक जणी त्याच ओटीत काम करू शकतात. जर्मनीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पावडरवाले लॅटेक्स ग्लोव्हज बाद केले आणि तिथे आरोग्य कर्मचाऱ्यांमधल्या लॅटेक्स-दम्याच्या नव्या केसेस उतरत गेल्या. औषध नाही, इंजेक्शन नाही, फक्त खरेदी बदलली.

आपल्याकडे मात्र हाताला खाज सुटली की सगळ्याला एकच नाव, ‘ॲलर्जी’, आणि एकच उपाय, स्टेरॉइडची ट्यूब. अहो, तीन वेगळी दुखणी आहेत ही. पावडर, घाम आणि सतत साबणाने त्वचा कोरडी पडून भेगाळते, ती ॲलर्जीच नव्हे. दुसरी ॲलर्जी ग्लोव्हज बनवताना वापरलेल्या थायुराम, कार्बामेटसारख्या रसायनांची. ती एक-दोन दिवसांनी पुरळ आणते, पॅच टेस्टमध्ये (त्वचेवर पट्टी लावून करायच्या तपासणीत) सापडते आणि साध्या नायट्राइलनेही होऊ शकते, कारण अशी रसायनं त्यातही बऱ्याचदा असतात. तिसरी खुद्द लॅटेक्सच्या प्रथिनांची. काही मिनिटांत अंगावर गांधी, शिंका, डोळ्यांना पाणी, मग छातीत घरघर, आणि शेवटी ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी रिॲक्शन. भेगाळलेल्या त्वचेतून प्रथिनं आत शिरतात, म्हणजे पहिलं दुखणं तिसऱ्याला वाट करून देतं. ग्लोव्हज घातले की शिंका येणाऱ्या सिस्टरला ‘धुळीची सवय नाही’ म्हणून उडवून लावणं हा गुन्हा आहे. तिची रक्तातली लॅटेक्स आयजीई (ॲलर्जी दाखवणारी प्रतिपिंडं) तपासा. केळं, पपई, किवी, अव्होकाडो खाल्ल्यावर तोंड खाजतं का ते विचारा. हे चार प्रश्न विचारायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

पेशंटची गोष्ट तर याहून वाईट. स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष) घेऊन जन्मलेली, लहानपणापासून वारंवार ऑपरेशनं आणि कॅथेटर झेललेली मुलं सगळ्यात जास्त धोक्यात. अँटिबायोटिक किंवा स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाची रिॲक्शन बहुधा शिरेतून दिल्यावर लगेच दिसते. लॅटेक्सची बऱ्याचदा अर्धा-पाऊण तासाने येते, सर्जनचा हात पोटात असताना. बीपी कोसळतं, व्हेंटिलेटरवरचं प्रेशर चढतं आणि सगळे औषधांची यादी चाळत बसतात, ग्लोव्हजकडे कुणाचंच लक्ष जात नाही. अशा पेशंटला सकाळची पहिली केस देतात, कारण रात्रभरात हवेतली पावडर खाली बसलेली असते. म्हणजे हवा खराब आहे हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे! मग ती खराब करणं का थांबवत नाही?

पोटात राहिलेल्या स्टार्चभोवती गाठी तयार होतात. ऑपरेशननंतर काही आठवड्यांत ताप, पोट फुगणं, दुखणं सुरू होतं. पुन्हा पोट उघडावं तर पोटाच्या आतल्या पडद्यावर बारीक पांढरे दाणे. आपल्याकडे असे दाणे दिसले की पहिला संशय टीबीचा, नाहीतर पसरलेल्या कॅन्सरचा. बायोप्सी पोलराइज्ड प्रकाशाखाली धरली तर स्टार्चच्या चमकत्या कणावर काळी फुली दिसते, तिला माल्टीज क्रॉस म्हणतात. पण ती बघायचं कुणाला सुचलंच नाही तर त्या माणसाला टीबीच्या गोळ्या सुरू होऊ शकतात, आणि कारण काय, तर चिमूटभर मक्याचं पीठ.

‘आम्ही सलाइनने धुऊन घेतो’ म्हणणाऱ्यांनी धुतल्यानंतरचं बेसिन एकदा नीट बघावं. तो स्टार्चचा गढूळ रस्सा आहे आणि पुढचे हात त्यातच बुडतात. धुण्याने सगळी पावडर जात नाही, ओल्या कणांच्या गुठळ्या होतात, आणि आतल्या बाजूची पावडर तशीच राहते. ग्लोव्ह फाटला की थेट जखमेत. हातावर उरलेल्या पावडरीवर हात निर्जंतुक करायचा अल्कोहोल रब लावलात तर खरखरीत लगदा होतो, मग माणसं रब लावायचाच कंटाळा करतात. आणि काही छोट्या ठिकाणी वापरलेले ग्लोव्हज धुऊन, वाळवून, वर पावडर मारून ड्रममध्ये ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करतात, त्यांना काय म्हणावं? एकदा वापरायचा ग्लोव्ह वापरला की कापून दवाखान्याच्या कचऱ्याच्या लाल पिशवीत. त्याच्यावर दुसरा प्रयोग नाही.

अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) १९ डिसेंबर २०१६ला अंतिम नियम काढला आणि १८ जानेवारी २०१७ पासून पावडरवाले सर्जिकल ग्लोव्हज, तपासणीचे ग्लोव्हज आणि ती पावडरसुद्धा बाद केली. लेबलवर इशारा छापून हा धोका जाणार नाही, म्हणून सरळ बंदी. त्या संस्थेने एखाद्या वैद्यकीय उपकरणावर पूर्ण बंदी घातल्याची ही दुसरीच वेळ होती. पहिली १९८३ साली, डोक्यात रोवायच्या कृत्रिम केसांवर.

आणि आपलं टेंडर? ‘सर्जिकल ग्लोव्हज, लॅटेक्स, स्टराइल, साडेसात नंबर.’ संपलं. ‘पावडर-फ्री’ हा एक शब्द नाही, मग सगळ्यात स्वस्त माल येतो आणि तो पावडरवालाच असतो. पावडर काढायला क्लोरिनेशन (क्लोरीनच्या पाण्यातली धुलाई) किंवा आतून पॉलिमरचा लेप लागतो, त्याचे पैसे पडतात, मान्य. क्लोरिनेशनमध्ये प्रथिनंही कमी होतात, हे मात्र हिशेबात कुणी धरत नाही. सिस्टरची नोकरी सुटली, पेशंट आयसीयूत गेला, तर तो खर्च खरेदी विभागाच्या कागदावर येतच नाही.

‘पावडर-फ्री चढत नाहीत’ ही तक्रार ओल्या हातांची असते. स्क्रबनंतर, म्हणजे ऑपरेशनआधी हात घासून धुतल्यावर, स्टराइल टॉवेलने बोटांपासून कोपरापर्यंत टिपा, रब लावला असेल तर पूर्ण सुकू द्या, मग घाला. बोटांच्या टोकांना धरून ओढू नका. नंबर घट्ट होत असेल तर अर्ध्याने वाढवा. चार-सहा केसेसमध्ये सवय होते.

टेंडरमध्ये लिहा: पावडर-फ्री, उरलेली पावडर ग्लोव्हमागे २ मिलिग्रॅमपर्यंतच, पाण्यात उतरणाऱ्या प्रथिनांचा रिपोर्ट, छिद्रांसाठी एक्यूएल (सदोष ग्लोव्हजची चालणारी कमाल टक्केवारी) १.५. लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी नायट्राइल किंवा निओप्रीनचे वेगळे खोके. ‘हायपोॲलर्जेनिक’ (ॲलर्जी कमी होईल असा) या शब्दावर विसंबू नका. माल बदलला की जुना साठा ‘आधी हा संपवू’ म्हणत चालवू नका, त्याच दिवशी परत पाठवा. मग एसीचे फिल्टर, कपाटांचे माथे, ओटीच्या दिव्यांच्या वरची बाजू ओल्या फडक्याने पुसून घ्या. झाडू मारू नका, खाली बसलेली सगळी पावडर पुन्हा उडेल.