‘खरेदी विभागाने फक्त दर पाहावा’ म्हणे!

खरेदी क्षेत्रातल्या मंडळींमध्ये एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा : शाश्वत खरेदी, नैतिक खरेदी (म्हणजे दरासोबत पर्यावरणाचा आणि कामगारांचाही विचार करून केलेली खरेदी) वगैरे सगळे नफा भरपूर असतानाचे चोचले. त्याने खर्च वाढतो. पुरवठादाराच्या कारखान्यात काय चालतं ते त्याचं तो पाहील. आपण पुरवठादाराची आचारसंहितेवर सही घेतली, त्याच्या कारखान्याचं ऑडिट (तपासणी) केलं, की सुटलो. दुसरा पुरवठादार आणि जादा साठा म्हणजे अडकलेला पैसा. कायद्यांचं म्हणाल तर ते येतात आणि जातात. शिवाय या सगळ्यापायी फॉर्म भरून भरून लोक मेटाकुटीला येतात.

यातली शेवटची तक्रार रास्त आहे. बाकीची एकेक करून पाहू.

‘त्याने खर्च वाढतो’

कुठला खर्च, हे आधी ठरवू या. वर्षभर अखंड चालणारी औद्योगिक मोटर तिच्या आयुष्यात जेवढी वीज खाते, तिच्यापुढे मोटरची किंमत म्हणजे एकूण खर्चाचे जेमतेम काही टक्के. पण मोटर घेतो खरेदी विभाग आणि वीजबिल पडतं उत्पादन विभागाच्या खात्यावर. त्यामुळे कमी कार्यक्षमतेची स्वस्त मोटर घेणाऱ्याची ‘बचत’ वर्षअखेरीच्या तक्त्यात झळकते आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा तोटा कुणाच्याच नावावर लागत नाही.

उधारीचंही तेच. बिल ३० दिवसांऐवजी १२० दिवसांनी द्यायचं ठरलं की अर्थ विभाग खूश. मोठी कंपनी ६ टक्क्यांनी कर्ज उचलू शकते आणि तिचा छोटा पुरवठादार १४ टक्क्यांनी, असं धरा. वाढलेल्या ९० दिवसांपायी पुरवठादाराला बिलाच्या जवळपास साडेतीन टक्के व्याज भरावं लागतं. तोच पैसा कंपनीने स्वतः उभा केला असता तर दीड टक्क्यात भागलं असतं. मधले दोन टक्के कर्ज देणाऱ्याच्या खिशात जातात. पुरवठादार ते पुढच्या कोटेशनमध्ये घालतो. नाही घालता आले, तर मालाच्या दर्जातून नाहीतर कामगाराच्या पगारातून काढतो.

काही गोष्टी खरोखर महाग पडतात, हे लपवण्यात अर्थ नाही. जगण्यापुरती मजुरी द्यायची तर दर वाढणार. पण हा खर्च आजही कुणीतरी भरतोच आहे. फक्त कोटेशनवर त्याची ओळ नाही.

‘सही घेतली, ऑडिट केलं, की सुटलो’

या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच निर्धास्त असतात.

सप्टेंबर २०१२मध्ये कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. अडीचशेहून अधिक माणसं गेली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायचे मार्ग बंद होते. याच कारखान्याला काही आठवड्यांपूर्वी एसए८००० हे कामगार-हक्कांविषयीचं प्रमाणपत्र मिळालं होतं. पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल २०१३ रोजी, बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांचे कारखाने असलेली इमारत कोसळली आणि ११००हून अधिक माणसं मेली. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांचीही ऑडिट झालेली होती. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले, तेव्हा खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद झाली. शिवणकाम करणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं.

का बोलावलं? मालकाचा लोभ आणि बेकायदा चढवलेले मजले आहेतच. पण कारखान्याच्या डोक्यावर माल रवाना करायची तारीखही असते आणि ती तारीख खरेदीदार ठरवतो. ऑडिटची यादी कारखान्यात काय चालतं ते तपासते; खरेदीदाराचं वेळापत्रक तपासत नाही. डिझाइनला मंजुरी तीन आठवडे उशिरा द्यायची, ऑर्डरचा आकडा ऐनवेळी वाढवायचा आणि माल मात्र ठरल्या दिवशीच मागायचा. मग कारखान्यापुढे दोनच वाटा उरतात : मर्यादेबाहेरचा ओव्हरटाइम, नाहीतर गुपचूप नेमलेला उपकंत्राटदार. दोन्हींना बहुतेक आचारसंहितांत मनाई असते. म्हणजे कंपनी एका हाताने नियम पाठवते आणि दुसऱ्या हाताने तो मोडायची ऑर्डर.

मार्च २०२०मध्ये तर पडदाच उरला नाही. अनेक मोठ्या ब्रँडनी कपड्यांच्या ऑर्डरी रद्द केल्या आणि त्यात शिवून तयार झालेला मालही होता. कापडाचे पैसे कारखान्यांनी आधीच भरले होते. आचारसंहिता तेव्हाही लागू होत्या. त्यांत खरेदीदाराने कसं वागायचं यावर मात्र फारसं काही नव्हतं.

राणा प्लाझानंतर बांगलादेशातल्या कारखान्यांच्या सुरक्षेसाठी झालेला ‘अकॉर्ड’ करार वेगळा ठरला तो यामुळे. ब्रँड आणि कामगार संघटनांमधला हा करार कायद्याने बंधनकारक होता. तपासणीचे अहवाल जाहीर व्हायचे आणि दुरुस्तीसाठी पैशाची सोय होईल हे पाहण्याची जबाबदारी ब्रँडवरही होती. नुसत्या सहीत आणि यात फरक एवढाच, की इथे खरेदीदारही बांधला गेला.

‘दुसरा पुरवठादार म्हणजे अडकलेला पैसा’

मार्च २००० मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीमध्ये फिलिप्सच्या चिप कारखान्यात आग लागली. ती दहाएक मिनिटांत विझली, पण धूर आणि पाण्याने चिप बनवण्याची स्वच्छ दालनं निकामी झाली. नोकिया आणि एरिक्सन या मोबाइल फोन बनवणाऱ्या कंपन्या, दोघीही इथूनच चिप घेत. नोकियाने फिलिप्सशी रोज संपर्क ठेवला, दुसरीकडची क्षमता मिळवली, जमेल तिथे चिप बदलली. एरिक्सनमध्ये बातमी वरपर्यंत पोचायलाच आठवडे गेले, आणि काही चिपसाठी दुसरा पुरवठादारही नव्हता. जवळपास ४० कोटी डॉलरची विक्री बुडाली.

यावर ‘मग कमीत कमी साठ्यावर काम करणारी टोयोटा कशी चालते?’ असा प्रश्न येतो. येऊ द्या. फेब्रुवारी १९९७मध्ये आयसिन सेइकी या टोयोटाच्या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा टोयोटाला लागणारे ब्रेकचे प्रपोर्शनिंग (दाब वाटून देणारे) व्हॉल्व्ह जवळजवळ सगळे तिथेच बनत. टोयोटाच्या गाड्यांचं उत्पादन थांबलं. पण इतर पुरवठादारांनी, पैशाचं नंतर पाहू म्हणत, मिळेल त्या यंत्रांवर व्हॉल्व्ह बनवायला घेतले आणि आठवडाभरात कारखाने पुन्हा सुरू झाले. वर्षानुवर्षं दरासाठी पिळलेला पुरवठादार असा धावून येईल का, हे ज्याने त्याने स्वतःच्या व्हेंडर यादीवर नजर टाकून ठरवावं.

नुसते दोन पुरवठादार ठेवूनही भागत नाही. २०११च्या जपानमधल्या भूकंपात रेनेसास या चिप कंपनीचा नाका इथला कारखाना बंद पडला, तेव्हा अनेक वाहन कंपन्यांना कळलं की वेगवेगळ्या पुरवठादारांकडून घेतलेल्या भागांतली चिप एकाच ठिकाणची होती. टोयोटाने त्यानंतर खालच्या पातळीवरच्या पुरवठादारांची माहिती गोळा केली आणि महत्त्वाच्या चिपचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवायला लावला. २०२१च्या सुरुवातीला चिपचा तुटवडा आला, तेव्हा ती इतरांपेक्षा बरीच जास्त तगली. वर्षाच्या उत्तरार्धात तिलाही उत्पादन कापावं लागलं; साठा काही अक्षयपात्र नसतो.

‘कायदे येतात आणि जातात’

अर्धं खरं. युरोपीय संघाने २०२४मध्ये पुरवठा साखळीबद्दलचा कायदा केला आणि मग तो पुढे ढकलून सौम्यही केला. पण याच विषयावरचा फ्रान्सचा २०१७चा कायदा कायम आहे. आणि अमेरिकेत जून २०२२पासून चीनमधल्या, कापसासाठी ओळखल्या जाणाऱ्या शिनजियांग प्रांताशी संबंध असलेला माल सक्तीच्या मजुरीतून आलेला आहे असंच गृहीत धरलं जातं. तसं नाही हे सिद्ध करायचं ते आयातदाराने. कापूस कुठला हे ज्याला सांगता येत नाही, त्याचा कंटेनर बंदरातच अडकू शकतो.

आणि ती रास्त तक्रार

एकाच कारखान्याला दहा खरेदीदार दहा प्रश्नावल्या पाठवतात, दहा ऑडिट लावतात, वर त्यांचा खर्चही त्याच्याच माथी मारतात. शाश्वत खरेदीच्या नावावर चालणारा हा कागदी कारभार बंद व्हायलाच हवा. आयएसओ २०४०० हे या विषयाचं मानक २०१७ साली आलं. ते मार्गदर्शक आहे, प्रमाणपत्रासाठी नाही. तेव्हा त्याचं प्रमाणपत्र कुणी विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

फॉर्म कमी करायचे तर तपासणीची सुरुवात स्वतःच्या टेबलापासून करता येते. खरेदी विभागातल्या माणसाचं वार्षिक मूल्यमापन दर किती पाडला यावर होतं. त्याच्या शेजारी आणखी तीन आकडे मांडावेत : किती ऑर्डरी पक्क्या झाल्यावर बदलल्या, किती बिलं मुदतीत चुकती झाली, आणि ठरलेल्या लीड टाइमपेक्षा (माल तयार करून पोचवायला लागणाऱ्या मुदतीपेक्षा) कमी वेळ देऊन किती माल मागवला. हे तिन्ही कंपनीच्याच सिस्टीममध्ये पडून आहेत. पुरवठादाराला त्यासाठी एकही फॉर्म भरावा लागत नाही.