एक्का-राजा म्हणजे जिंकलोच का?

वर्तकनगरला मित्राच्या घरी दर शनिवारी आमचा पोकरचा डाव बसतो. पैसे नाहीत, नुसत्या प्लॅस्टिकच्या चिप्स. आणि दर शनिवारी तेच रडगाणं!

परवा त्याच्याकडे एक्का-राजा, माझ्याकडे अठ्ठ्यांची जोडी. फ्लॉपच्या, म्हणजे टेबलावरची पहिली तीन सामायिक पानं उघडायच्या, आधीच दोघं ऑल-इन, सगळ्या चिप्स डावावर. मी जिंकलो, तर पठ्ठ्याने पानं सतरंजीवर आपटली, चिप्स पार दिवाणाखाली गेल्या. म्हणे, "नव्वद टक्के माझा होता डाव!"

अरे, कुठले नव्वद? पानं उघडली तेव्हा साधारण 55 टक्के मी पुढे होतो, तू 45! एक्का-राजा दिसायला राजेशाही, पण जोडी आहे का ती? टेबलावर एक्का किंवा राजा पडेपर्यंत नुसती दोन मोठी पानं. सत्ती-दुर्रीसारखा भंगार हातसुद्धा त्याला तीनात जवळजवळ एकदा हरवतो.

आणि खरंच मार खायची वेळ येते तेव्हा हाच म्हणतो, "दोघांकडे जोड्याच, म्हणजे फिफ्टी-फिफ्टी." राजांची जोडी एक्क्यांच्या जोडीसमोर पाचात एकदाही धड जिंकत नाही रे! 82 विरुद्ध 18 च्या आसपास.

"एकाच रंगाची पानं होती" (म्हणजे दोन्ही बदाम किंवा दोन्ही इस्पिक वगैरे) हे तर ऐकवतच नाही आता. त्याने दोन-चार टक्के वाढतात, बस्स.

चार आकडे आहेत हो सगळे मिळून. तीन वर्षं सांगतोय. पाठ करायला किती वेळ लागतो? हरला की मात्र मलाच ऐकवतो, "तुझं नशीब!"