प्रश्न चारचौघांत विचारा

पुण्यातल्या मित्रांशी कॉलेजियमचा, म्हणजे न्यायाधीशांची नावं सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटाचा, विषय निघाला की गाडी एकाच जागी अडते: न्यायाधीश न्यायाधीशांनीच नेमावेत की सरकारने? 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमणुकांत सरकारलाही वाटा देणारा राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग रद्द केला, तेव्हापासून हेच चाललंय. वॉशिंग्टनजवळ राहून इथल्या नेमणुका बघताना मला मात्र वेगळाच प्रश्न छळतो. अडचणीचं विचारायचं असतं ते उमेदवाराला विचारतं कोण, आणि ते आपल्याला ऐकू येतं का?

नेओमी राव यांचंच घ्या. भारतातून आलेल्या पारशी डॉक्टर आईवडिलांची ही मुलगी. 2018 च्या नोव्हेंबरात व्हाइट हाऊसच्या दिवाळी समारंभात ट्रम्प यांनी डी. सी. सर्किट या वॉशिंग्टनमधल्या केंद्रीय अपील न्यायालयासाठी त्यांचं नाव जाहीर केलं. अशा नेमणुकीला सिनेटची मंजुरी लागते. 5 फेब्रुवारी 2019 ला त्या सिनेटच्या समितीपुढे बसल्या आणि येल विद्यापीठात शिकताना त्यांनी लिहिलेले लेख बाहेर निघाले. ओळखीच्या पुरुषाकडून होणारा बलात्कार टाळायचा तर मुलीने शुद्धीत राहावं, असा त्यांतला सूर. रिपब्लिकन सिनेटर जोनी अर्न्स्ट स्वतः अत्याचारातून गेलेल्या. राव या त्यांच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांच्या उमेदवार, तरी हे लिखाण खटकतं असं अर्न्स्ट यांनी तोंडावर सांगितलं. तेव्हाची काही भाषा आज वाचताना अवघडायला होतं, असं राव कॅमेऱ्यांसमोर म्हणाल्या. नंतर समितीला पत्र लिहून खुलासाही केला. मार्चमध्ये सिनेटच्या 53 विरुद्ध 46 मतांनी त्यांची नेमणूक झाली. अर्न्स्ट यांनीही बाजूनेच मत दिलं.

आता मुंबई. वकील सोमशेखर सुंदरेसन यांचं नाव सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने फेब्रुवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयासाठी सुचवलं. न्यायप्रविष्ट विषयांवर त्यांनी समाजमाध्यमांवर मतं मांडली, म्हणून सरकारने ते परत पाठवलं. जानेवारी 2023 मध्ये कॉलेजियमने तेच नाव पुन्हा पाठवलं आणि कारणंही जाहीर केली; हे स्वागतार्हच. पण नेमणूक व्हायला नोव्हेंबर उजाडला. ज्या मतांमुळे अडवणूक झाली, त्यांबद्दल त्या माणसाला चारचौघांत बोलायची संधी कुठेच नव्हती. 2025 मध्ये याच न्यायालयासाठी नाव सुचवलेल्या वकील आरती साठे यांच्या वेळी आक्षेप उलट्या बाजूने आला, पूर्वी भाजपच्या प्रवक्त्या होत्या म्हणून. विरोधक बोलले, भाजपने उत्तर दिलं, आणि ज्यांच्याबद्दल वाद होता त्यांना मात्र आपण ऐकलंच नाही.

अमेरिकेची पद्धत उचलून आणा, असं मी अजिबात म्हणत नाही. राव यांच्याच न्यायालयावर 2013 मध्ये चंडीगडला जन्मलेले श्री श्रीनिवासन 97 विरुद्ध 0 मतांनी गेले. पुढच्या सहा वर्षांत मतदान पक्षांच्या रेषेवर येऊन थांबलं. तिथे नेमणूक तहहयात, त्यामुळे दोन्ही पक्ष जिवावर उदार होऊन लढतात. हे लोण आपल्याकडे नकोच.

पण 2024 च्या अखेरीपासून आपलं कॉलेजियम उमेदवारांना प्रत्यक्ष भेटू लागलंय. त्या भेटीतले प्रश्न आणि उत्तरं, किमान नेमणूक झालेल्यांची तरी, प्रसिद्ध करायला काय हरकत आहे? त्यासाठी ना घटनादुरुस्ती लागते, ना सरकारची परवानगी.