अडीच लाख हातात असतील तर दोन लाखांचीच गाडी बघा

जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं असतं. बजेट अडीच लाख असेल तर दोन लाखांपर्यंतच्या गाड्या बघा. उरलेले पन्नास हजार बाजूला काढून ठेवा, कारण ते पहिल्या तीन महिन्यांत गॅरेजात जाणार आहेत. सगळे अडीच लाख विकणाऱ्याच्या हातात ठेवून जो घरी येतो, तो पहिल्याच मोठ्या कामाला अडतो. मग काम पुढे ढकलतो, आणि सहा महिन्यांनी "जुनी गाडी म्हणजे डोक्याला ताप" म्हणत ती पडेल भावात विकून मोकळा होतो.

हे पन्नास हजार लागतातच, कारण गाडी विकायची ठरली की मालक तिच्यावरचा खर्च थांबवतो. टायर सहा महिने ओढतील, बॅटरी हिवाळा काढेल, क्लच अजून उचलतोय, तर पुढचा मालक बघून घेईल. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही हेच केलं असतं. त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या गाडीत बरीच कामं एकदमच अंगावर येतात.

उदाहरणाला महाराष्ट्रात कुठल्याही गावी दिसणारी गाडी घेऊ. २०१३ ची पेट्रोल स्विफ्ट, १,१९७ सीसी, ऐंशी-नव्वद हजार किलोमीटर चाललेली.

बघायला जाताना फोनवरच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचलात की आधी बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, दोन तास थांबा. थंड इंजिन जे सांगतं ते तापलेलं इंजिन लपवतं. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. आत रंगीत, स्वच्छ कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, हवं. गढूळ तपकिरी पाणी असेल तर इतकी वर्षं बोअरचं किंवा नळाचं पाणी ओतलं गेलंय, हे नक्की. ऑइलचं झाकण काढून आतली बाजू बघा. दुधाळ, चहाच्या सायीसारखा थर असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि ब्लॉक यांमधल्या सीलचा, संशय घ्या. नुसता पातळसा थर पावसाळ्यात, कमी अंतर फिरणाऱ्या गाडीतही दिसतो. तेवढ्यावरून गाडी नाकारू नका.

आता सुरू करायला सांगा आणि तुम्ही मागे सायलेन्सरपाशी उभे राहा. सुरुवातीला निळसर धूर येऊन थांबला तर ऑइल अडवणारी व्हॉल्व्ह सील कडक झालीत. रेस वाढवल्यावर निळा धूर येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगांचं काम आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय, तिथून निघा. या इंजिनाला टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ राखणारी साखळी आहे, बेल्ट नाही. थंड सुरुवातीला पुढून खळखळ येऊन ती दोन-तीन सेकंदांत थांबली नाही, तर चेन आणि ती ताणून धरणारा टेन्शनर बघावे लागतील. अशा गाडीत ऑइल बदलायला उशीर झालेला असतो किंवा लेव्हल कमी ठेवून ती चालवलेली असते.

पत्रा बघताना रंगाच्या चमकेवर जाऊ नका. पुढच्या फेंडरचे आणि बोनेटच्या बिजागऱ्यांचे बोल्ट बघा. त्यांच्यावरचा रंग पान्याने खरवडलेला असेल तर तो पत्रा उतरवलेला आहे. फेंडर बदललेला चालतो. आतला एप्रन (फेंडरमागचा पत्रा) किंवा चासी ठोकून सरळ केलेली चालत नाही. डिकीतली स्टेपनी काढून खालचा पत्रा आणि जोडावरचं सीलंट तपासा. सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा पूर आणि चिपळूणचा २०२१ चा, यांत बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून कुठेही विकायला येऊ शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहते. डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समागे टॉर्च मारा. वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट बुरशी दिसली, तर ती गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. पाणी शिरलेलं वायरिंग दोन-तीन वर्षं एकेक करून त्रास देतं आणि कुठल्याही फिटरला ते पूर्ण सुधारता येत नाही.

गाडी घेतली की पहिल्या महिन्यातली कामं. पुण्या-नाशिकातल्या चांगल्या छोट्या गॅरेजाचे साधारण दर धरलेत. ऑइल तीन-सव्वातीन लिटर, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि चार प्लग, साडेचार हजार. कूलंट, पाइप आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप), पाच हजार. ब्रेक फ्लुइड, पुढचे पॅड आणि मागचे ड्रम उघडून सफाई, चार हजार. गिअर ऑइल बाराशे. अल्टरनेटरचा बेल्ट आठशे. बॅटरी साडेचार हजार. १६५/८० आर १४ मापाचे चार टायर, अठरा हजार. सस्पेन्शनमधल्या लोअर आर्मचे रबरी बुश, लिंक रॉड आणि चाकांचं अलाइनमेंट, साडेसहा हजार. क्लच घसरत असेल तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग मिळून आठ हजार. बेरीज साडेबावन्न हजार. सगळंच लागेल असं नाही, पण काय लागेल हे घेण्याआधी कळत नाही. किंमत ठरवताना टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २२१८ म्हणजे २०१८ चा बाविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सहा वर्षांवरचं रबर कडक होतं आणि पहिल्या पावसात ब्रेक मारल्यावर गाडी सरकते. टायर असे असतील तर ते अठरा हजार तिथेच किमतीतून वजा करून घ्या.

या यादीत थोड्या पैशाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम कूलिंगचं आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. जुन्या गाड्यांची इंजिनं मरतात ती बहुतेक उष्णतेने. हेड ॲल्युमिनियमचं असतं. एकदा जबर तापलं की ते वाकतं, गॅस्केट फुटतं आणि हेड उतरवून, घासून सपाट करून (फेसिंग) पुन्हा बसवायला वीस-तीस हजार लागतात. सुरुवात मात्र क्षुल्लक गोष्टीने होते. रेडिएटरच्या दोन-तीनशे रुपयांच्या झाकणातली स्प्रिंग ढिली पडते. त्या झाकणाने आत दाब राहतो, म्हणून कूलंट शंभर अंशाला उकळत नाही. दाब टिकला नाही की ते बाटलीत फेकलं जातं, लेव्हल उतरते आणि मालक वरून साधं पाणी ओततो. मराठवाड्यातलं बोअरचं क्षारयुक्त पाणी वर्षभर घातलं की रेडिएटरच्या बारीक नळ्या आतून चुनखडीने बुजतात. झाकण बदला, वरचा-खालचा पाइप दाबून बघा, कुरकुरला तर बदला. रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिक टाकीला केसाएवढी चीर आहे का बघा. कूलंट तयार मिश्रणाचं घ्या, किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं करा.

आणि कृपा करून थर्मोस्टॅट काढू देऊ नका. "आपल्याकडे गरमीच आहे, काय करायचाय" म्हणत तो काढून टाकणारे मेकॅनिक गल्लोगल्ली आहेत. त्याच्याविना इंजिन वेळेत गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये चिकट गाळ साठतो आणि तोच गाळ चेनपर्यंतच्या ऑइलच्या वाटा बुजवतो. हजार रुपयांच्या आतबाहेर येणारा पार्ट आहे, नवा घाला. घाटात तापमानाचा काटा वर जायला लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात करा. इंजिनाची थोडी उष्णता आत खेचली जाईल आणि सुरक्षित जागी थांबायला वेळ मिळेल. गरम असताना झाकण उघडू नका.

ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषून घेतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं असतं. बाटलीत नुसती भर घालून काही होत नाही. कसारा किंवा खंबाटकी उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की फ्लुइडमधलं ते पाणी उकळतं आणि पेडल खाली जातं. काम काही शेकड्यांचं आहे, आणि जुन्या गाडीत हेच फ्लुइड वर्षानुवर्षं कोणी बदललेलं नसतं.

खडखडाट ऐकून अख्खं सस्पेन्शन बदलायला निघू नका. खराब रस्त्यावर बारीक कट-कट येत असेल तर बहुधा लिंक रॉड, पाच-सातशेचा. स्पीडब्रेकरवर एकदाच ठक् वाजलं तर स्ट्रट माउंट (शॉकअपचं वरचं टेकण) किंवा शॉकअप. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढली तर इतर गोष्टींबरोबर लोअर आर्मचे बुशही बघा. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉड एंड. नुसते बुश गेले असतील तर ते प्रेसवर काढून नवे बसवता येतात, अख्खा आर्म घ्यायची गरज नसते. शॉकअप मात्र जोडीनेच बदला.

एसीत दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. गॅस वापरला जात नाही, कमी झाला तर तो कुठूनतरी गळतोय. आधी गळती शोधायला सांगा, मग अर्धा तास व्हॅक्यूम, आणि मग बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले असतील तेवढेच ग्रॅम, मशीनवर मोजून. अंदाजाने जास्त भरलेला गॅस कॉम्प्रेसर मारतो.

पेट्रोलच्या गाड्यांत अलीकडे इंधनाच्या रबरी पाइपांकडेही लक्ष हवं. एप्रिल २०२३ आधीच्या गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या, म्हणजे आता पंपावर मिळणाऱ्या, पेट्रोलसाठी बनलेल्या नव्हत्या. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरणारच. जुना पाइप मात्र फुगू-चिरू शकतो. बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी पाइप बदला, उद्यावर टाकू नका.

डिझेल? वर्षाला पंधरा हजार किलोमीटरच्या खाली चालवणार असाल तर जुन्या डिझेलच्या नादी लागू नका. इंजिन मजबूत असतं, पण इंजेक्टर, टर्बो आणि हाय प्रेशर पंप यांतलं एक काम निघालं की चार-पाच वर्षांची इंधनातली बचत एका बिलात जाते. घेणारच असाल तर इंजेक्टरची लीक-बॅक टेस्ट (किती डिझेल परत जातं ते मोजणारी) करूनच घ्या. दिल्लीची दहा वर्षांची डिझेल इथे स्वस्तात मिळते, कारण तिथे तिच्यावर बंदीची टांगती तलवार आहे. तिची एनओसी (तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला) आणि महाराष्ट्रातला रोड टॅक्स किमतीत धरला की ती स्वस्त राहत नाही.

आता वर्षाचा हिशेब. दहा हजार किलोमीटर, शहर-हायवे मिळून पंधराचं ॲव्हरेज, म्हणजे साधारण सत्तर हजारांचं पेट्रोल. सर्व्हिस सात हजार, इन्शुरन्स सात-आठ हजार, टायर-बॅटरीसाठी दरवर्षी बाजूला पाच हजार, दुरुस्तीचा राखीव फंड पंधरा हजार. इंधन सोडून पस्तीस हजार, म्हणजे किलोमीटरमागे साडेतीन रुपये. फंडातले पैसे एखाद्या वर्षी उरले तर खर्च करू नका, पुढच्या वर्षी क्लच आहे.

इन्शुरन्समध्ये १,००० ते १,५०० सीसीसाठी थर्ड पार्टीचा हप्ता ३,४१६ रुपये अधिक जीएसटी, तो टळत नाही. पूर्ण विमा घ्यायचा का, हे नीट विचार करून ठरवा. दहा वर्षांवरच्या गाडीच्या क्लेममध्ये धातूच्या पार्टवर निम्मी रक्कम कापली जाते आणि रबर-प्लास्टिकवरही निम्मी. झिरो डेप, म्हणजे ही कपात नसलेला विमा, या वयाला सहसा मिळत नाही. तरी गाडी रस्त्यावर उभी राहत असेल किंवा पुराच्या भागात असेल तर मी पूर्ण विमाच घेईन, चोरी आणि टोटल लॉससाठी. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट, तुमचा होत नाही. पॉलिसी तुमच्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करा.

कागदांमध्ये मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलेलं असेल तर बँकेच्या पत्रासह कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, आणि पैसे देण्याआधी ई-चलानची थकबाकी. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली नसेल तर ७४५ रुपये अधिक जीएसटी. सीएनजी किट असेल तर ते आरसीवर चढलेलं हवं आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (दाबाची चाचणी) चालू हवी. शिवाय आरसीची मुदत बघाच. २०१३ ची गाडी २०२८ मध्ये पंधरा वर्षांची होते. तेव्हा आरटीओत तपासणी, पाच हजारांची नूतनीकरण फी आणि राज्याचा पर्यावरण कर, मग पुढची पाच वर्षं. वीस वर्षांनंतरची फी ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार झाली आहे. मुदत संपायच्या दोन महिने आधीपासून अर्ज करता येतो. उशीर झाला तर महिन्याला पाचशे दंड चढतो.

पहिल्या वर्षी सीट कव्हर, टचस्क्रीन, अलॉय व्हील, सिरॅमिक कोटिंग यांवर एक रुपयाही घालू नका. तळमळीने सांगतोय. चाळीस हजारांची सजावट आणि टायर आठ वर्षांचे, अशा गाडीत कुटुंबाला बसवून लोक कोकणात उतरतात.

थांबायचं कधी, तेही सांगतो. इंजिनाचं काम पैशाने होतं, चासी सडली की होत नाही. कोकण किनाऱ्यावर राहिलेली गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलंय तिथे स्क्रूड्रायव्हर दाबल्यावर पत्रा आत गेला, तर त्या गाडीवर पुढे पैसे लावू नका. आणि ती नुसती भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, गाडी जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा. तोपर्यंत ती गाडी तुमच्याच नावावर असते.