दवबिंदूसमोर बसून

कास पठाराची माझी सुरुवातीची छायाचित्रे परवा पुन्हा पाहिली. त्यांत रंग भरपूर आहेत, पण ओळखीचे असे फूल एकही नाही. गुलाबी तेरडा, पांढरे गेंद आणि पिवळी सोनकी यांचे लांबवर पसरलेले पट्टे टिपायचे आणि पुढच्या जागेकडे निघायचे, एवढेच मी चार वर्षे करत होतो.

मग एका सप्टेंबरात धुके इतके दाटले, की दहा पावलांपलीकडचे काही दिसेना. वाटेच्या कडेला जांभ्याच्या कातळावर बसून मी अगदी जवळचे टिपणारी मॅक्रो लेन्स जोडली. समोर ओल्या मातीला चिकटून, रुपयाच्या नाण्याएवढे तांबूस पानांचे एक चक्र होते आणि पानांवरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला दव चमकत होते. इतक्या जवळून जेमतेम एक-दोन मिलिमीटर भागच स्पष्ट येतो, म्हणून वारा थांबण्याची वाट पाहत राहिलो. तेव्हा दिसले, की त्या थेंबांत अडकलेले एक चिलट अजून पाय हलवत आहे. ते दव नव्हतेच, तो चिकट स्राव होता. ही ‘दवबिंदू’, म्हणजे ड्रॉसेरा. कातळावरच्या पातळ मातीत नायट्रोजन फारच कमी, ती उणीव ही वनस्पती कीटकांवर भागवते. शेजारी डुलणारी जांभळी सीतेची आसवंही कीटकभक्षीच, मात्र त्यांचे सापळे म्हणजे मातीत दडलेले बारीक फुगे, त्यामुळे माझ्या कोणत्याही छायाचित्रात ते आलेले नाहीत.

घरी आल्यावर आईने ते छायाचित्र बराच वेळ पाहिले. तिचे माहेर जावळीतले. ‘‘आमच्या सड्यावर ही गुरांच्या पायांखाली असायची रे,’’ ती म्हणाली आणि मग पावसाळ्यातल्या त्या सड्याबद्दल, म्हणजे कातळाच्या माळाबद्दल, तासभर बोलत राहिली. गुडघ्यांमुळे तिला आता तिकडे जाता येत नाही. तेव्हापासून मी छायाचित्रे तिच्यासाठी काढतो, आणि मला वाटते, आपण कोणाला दाखवणार आहोत हे मनात असले की पाहणेही बदलते.

म्हणूनच एका फोटोसाठी कुंपण ओलांडून फुलांत आडवे होणे मला मुळीच पटत नाही. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा ठरलेल्या या पठारावर बोटभर माती आहे, आणि तिच्यावर टेकलेल्या एका कोपराखाली किती दवबिंदू चिरडले जातात, हे उभ्याने दिसत नाही. वाटेच्या कडेवरून जे दिसेल, तेवढेच मी टिपतो.

काल आईने विचारले, ‘‘रात्री ते चिकट केस मिटतात का रे?’’ या आठवड्यात एकदा पहाटे, उजाडता उजाडता वाटेच्या कडेला जाऊन बसणार आहे.