फसलेली जागा दाखवा ना कधीतरी!

परिसंस्था पुनरुज्जीवनाच्या, म्हणजे उजाड झालेलं जंगल, माळ, किनारा पुन्हा जिवंत करण्याच्या पाच-सहा प्रशिक्षण कार्यशाळांना आजवर बसलोय. एकाही ठिकाणी फसलेली जागा बघायला मिळाली नाही. नेतात ते हिरव्यागार, पाटी लावलेल्या, पाहुण्यांसाठी राखलेल्या तुकड्यावर. आपण माना डोलावतो, ग्रुप फोटो होतो, प्रमाणपत्र हातात पडतं. संपलं.

माझं म्हणणं एवढंच, की पहिला दिवस मेलेल्या रोपांमध्ये घालवा.

खारफुटीचंच घ्या. फिलिपाईन्समध्ये कित्येक वर्षं प्रचंड पैसा ओतून लागवडी झाल्या आणि बहुतेक ठिकाणी दीर्घकाळ टिकली ती जेमतेम १० ते २० टक्के रोपं. लावणाऱ्यांचे कष्ट कमी पडले नव्हते, जागाच चुकली होती. खारफुटी मुळात वाढते ती भरतीच्या वरच्या पट्ट्यात. तिथं मत्स्यशेतीची तळी झालेली. मग लागवड सरकली खालच्या उघड्या चिखलावर, कारण तिथं कुणाची मालकी नाही, भांडण नाही. शिवाय लावली ती खारफुटीतली बहुतेक कांदळाचीच (रायझोफोरा) जात, कारण तिची लांब शेंग चिखलात नुसती खोचली की काम झालं. म्हणजे प्रश्न जमिनीच्या हक्काचा होता आणि उत्तर दिलं रोपांनी! हे भरतीची रेघ आणि मेलेली रोपं समोर ठेवून शिकवलं तर माणूस जन्मात विसरणार नाही. आम्हाला शिकवतात खड्ड्याची मापं.

याच्या उलट पश्चिम आफ्रिकेतला नायजर देश. १९८० च्या दशकात टोनी रिनाउडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ तिथं झाडं लावत होते आणि ती मरत होती. मग त्यांच्या लक्षात आलं, की शेतातली जी खुरटी झुडपं आपण बिनकामाची समजतोय, ते तोडलेल्या झाडांचे फुटवे आहेत. मुळं खाली जिवंतच आहेत. शेतकऱ्यांनी निवडक फुटवे राखले, बाकीचे छाटले. पुढे सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परत आली, तीही जवळजवळ काहीच न लावता. ही नजर पीपीटीतून कशी येणार?

(गवताळ माळाला ‘पडीक’ म्हणून त्यावर झाडं ठोकणाऱ्यांसाठी तर वेगळी कार्यशाळा हवी. त्यावर बोलायला लागलो तर पोस्ट संपायची नाही.)

दुसरं दुखणं म्हणजे बोलावतात कुणाला? प्रकल्प समन्वयक, अधिकारी, माझ्यासारखे हौशी. रोपवाटिकेत बी निवडणारी बाई कधी दिसत नाही, गुरं हाकलणारा राखणदार दिसत नाही. कुठलं रोप का जळालं हे त्या दोघांना माहीत असतं. खरं तर त्यांनी शिकवायचं आणि आम्ही वही काढून बसायचं.

घाई कळते मला. संयुक्त राष्ट्रांचं पुनरुज्जीवन दशक २०२१ ते २०३०. जैवविविधतेसाठीच्या कुनमिंग-मॉन्ट्रियल या जागतिक करारातही २०३० पर्यंत निकृष्ट झालेल्या किमान ३० टक्के क्षेत्रावर काम सुरू असायला हवं, असं ठरलंय. हेक्टरचे आकडे वर पाठवायचे असतात. पण लावलेल्याचा आकडा पहिल्या वर्षीच मिळतो आणि जगलेल्याचा मिळायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर प्रकल्पाचा पैसा संपलेला असतो, मोजायला कुणी जात नाही.

म्हणून आयोजकांना विनंती. तीन दिवस सलग घेऊ नका. दोन दिवस आत्ता घ्या आणि तिसरा दिवस तीन वर्षांनी, त्याच माणसांना घेऊन, त्याच जागेवर. फोटोही तिथूनच काढू, जिथून पहिला काढला होता.