एका पाइपात एक पाय

जळगाव म्हटलं की लोक सोनं, केळी आणि डाळ मोजतात. चौथी गोष्ट पाइप, ती सांगायची राहून जाते. चोपड्यापासून रावेरपर्यंत केळीच्या बांधावर बघा, ठिबकच्या जुन्या नळ्यांची वेटोळी, फुटके पीव्हीसी, जॉइनर, टेकऑफ, एंड कॅप यांचा ढीग पडलेला असतो. आणि जगातली सगळ्यात देखणी चालणारी शिल्पं ज्या मालातून उभी राहिली तो याच घरातला: भिंतीतून वायर नेतात तो पीव्हीसीचा पाइप.

नेदरलँड्सचे कलाकार थिओ यान्सन १९९० पासून असल्या पाइपांची 'स्ट्रँडबीस्ट' म्हणजे किनाऱ्यावरची जनावरं बनवताहेत. त्याआधी १९८० मध्ये याच गृहस्थांनी डेल्फ्ट शहरावर हेलियम भरलेली तबकडी सोडून लोकांना उडती तबकडी आल्याचा भास घडवला होता, त्यावरून माणूस कसा असेल ते समजा. जनावरांना मोटर नाही, सर्किट नाही. वारा, पाइप आणि पायांची मापं. ती मापं त्यांनी अटारी संगणकावर काढली: आडव्यातिडव्या लांबीचे १५०० पाय, त्यातले नीट चालणारे १०० ठेवायचे, त्यांची मापं एकमेकांत मिसळून पुन्हा १५०० करायचे, असं कित्येक महिने. शेवटी जे आकडे उरले त्यांना ते 'पवित्र आकडे' म्हणतात, आणि त्यांनी ते सगळ्यांसाठी उघडे ठेवले.

माझा आक्षेप आपल्याकडच्या प्रदर्शनांवर आहे. यंत्रकला म्हटलं की पहिली उडी तयार किटवर. सेन्सर, चार चाकं, रंगीत दिवे, आणि काळ्या पट्टीवरून फिरणारी गाडी. सगळ्या टेबलांवर तीच गाडी. तिच्यात खेळ किट बनवणाऱ्याने खेळून संपवलेला असतो, पोराच्या वाट्याला फक्त जोडणी येते. त्यापेक्षा पाइप घ्या. बॅटरीही नको. चालणारा एक पाय बनवा.

मापं देतो. मूळ आकड्यांना ५ मिलिमीटरने गुणलं आहे, आपल्या बाजारातल्या पाइपाला तेच सोसतं. कागदावर बिंदूंना नावं द्या: क म्हणजे क्रँकचा, पाय चालवणाऱ्या फिरत्या दांड्याचा, मध्य, ख क्रँकची पिन, ग चौकटीवरचा स्थिर बिंदू, घ वरचा सांधा, च बाहेरचा सांधा, छ खालचा सांधा, ज घोटा, झ पाऊल.

क ते ख ७५. ग हा क पासून आडवा १९० आणि खाली ३९. ख ते घ २५०, ख ते छ ३०९.५. ग ते घ २०७.५, ग ते च २००.५, घ ते च २७९. ग ते छ १९६.५. च ते ज १९७. छ ते ज १८३.५, छ ते झ २४५, ज ते झ ३२८.५. सगळं मिलिमीटरमध्ये, आणि सगळं छिद्राच्या मध्यापासून छिद्राच्या मध्यापर्यंत. पाइपाच्या टोकापासून टोकापर्यंत नाही. पहिला घोटाळा इथेच होतो.

बेरीज करून बघा. पाइपाचे दहा दांडे, एकूण २३९७ मिलिमीटर. प्रत्येक टोकाला छिद्राबाहेर १५ मिलिमीटर सोडले की आणखी ३००. म्हणजे पावणेतीन मीटरच्या आत. वायरिंगचा पाइप ३ मीटरचा मिळतो. एका पाइपात एक पाय, वर करवतीला जाणारा भुसा धरून. डच समुद्रकिनाऱ्यावरच्या जनावराचा पाय आपल्या हार्डवेअरच्या दुकानातल्या नगाला इतका नेमका बसतो, याची मला अजून गंमत वाटते.

पाइप २० मिलिमीटरचा, मध्यम जाडीचा घ्या. हलका घेतला तर छिद्राशी चिरतो. ठिबकची १६ मिलिमीटरची लॅटरल, म्हणजे रोपांच्या ओळीत अंथरतात ती नळी, बऱ्याचदा याच्या पोटात घट्ट बसते, टोकाशी तिचा दोन इंची तुकडा ठोकला की सांध्याला जास्त ताकद येते. पण पाइपाच्या कंपनीगणिक आतला व्यास बदलतो, तेव्हा लॅटरलचा तुकडा खिशात घेऊन दुकानात जा आणि घालून बघूनच घ्या. नुसत्या लॅटरलचा पाय करू नका. ती वाकण्यासाठीच बनवलेली असते.

आता टोकं चपटी करायची. पीव्हीसी ७५-८० अंशांच्या आसपास मऊ पडतो, म्हणून हीट गनचीही सक्ती नाही. रुंद पातेल्यात पाणी खळखळ उकळा, पाइपाचं टोक ५ सेंटीमीटर बुडवा, अर्धा-पाऊण मिनिट धरा. आत लॅटरल असेल तर मिनिट-दीड मिनिट. बाहेर काढून लगेच दोन फळ्यांमध्ये दाबा आणि ओल्या फडक्याने गार होईपर्यंत हात सोडू नका. लवकर सोडलं तर टोक पुन्हा फुगतं, पीव्हीसीला आपला जुना गोल आकार आठवतो. दोन्ही टोकं एकाच पातळीत चपटी यायला हवीत. पहिलं टोक फळीवर सपाट ठेवून दुसरं दाबलं तर येतात, हवेत धरून दाबलं तर दांडा पिळलेला निघतो आणि पुढे सगळा पाय तिरका. गॅसच्या ज्योतीवर मात्र धरू नका. पाइप काळा पडला की निघणारा धूर नाक-घसा जाळतो, त्यात हायड्रोजन क्लोराइड असतो.

छिद्र चपटं केल्यावरच पाडायचं, आधी नाही. दाबताना लांबी सरकते. आणि टेप लावून खूण करत बसू नका. सागाच्या फळीच्या तुकड्यावर नेमक्या मापाने दोन ६ मिलिमीटरचे खुंट उभे करा. दांड्याला एका टोकाचं छिद्र पाडून ते पहिल्या खुंटात अडकवा, दुसऱ्या खुंटाच्या डोक्याला खडू लावून दांड्याचं टोक त्यावर दाबा, उमटेल तिथे आधी ३ आणि मग ६ मिलिमीटरचं ड्रिल. बारा पायांसाठी एकाच मापाचे बारा दांडे एकाच फळीवरून काढले की चूक झाली तरी बाराही ठिकाणी सारखी होते. सारखी चूक चालते. प्रत्येक दांड्यात वेगवेगळा एक-दीड मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर बारा पाय बारा चालीचे होतात.

सांध्यांना ६ मिलिमीटरचे बोल्ट. एका पायात पाच, बारा पायांचे साठ. जिथे तीन टोकं येतात तिथे ३० मिलिमीटर लांबीचा, छ वर चार टोकं येतात तिथे ४० चा. प्रत्येक दोन टोकांच्या मध्ये वायसर. नट नायलॉकच, आत नायलॉनची कडी असलेला, हवा, साधा नट सांध्याबरोबर फिरत फिरत पाच मिनिटांत गवतात पडतो. आवळून पाव फेरा परत सोडा. पूर्ण आवळायचा सांधा अख्ख्या पायात एकच आहे, झ, म्हणजे पाऊल. तिथले दोन्ही दांडे एकाच त्रिकोणाचे, त्यांना एकमेकांशी हलायचं नसतं. बाकी प्रत्येक बोल्टावर त्रिकोणाच्या दोन दांड्यांसोबत एक तरी हलणारा दांडा असतो. त्रिकोण हलत नाही आणि चौकोन हलतो, हे ज्याला पटत नसेल त्याने टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची जोडणी करून बघावी. दहा मिनिटांत पटतं.

ग्रीस लावू नका. आपल्या हवेत बसणारी बारीक धूळ ग्रीसमध्ये मिसळली की तिचा पॉलिश पेपर होतो आणि महिन्याभरात छिद्र लंबगोल. मेणबत्ती घासली की पुरे.

पहिला पाय झाला की थांबा. दुसरा कापायला घेऊ नका. क आणि ग हे बिंदू एका प्लायवर पक्के करा, प्लाय भिंतीला टेकवून उभा करा, पावलाच्या बोल्टाला स्केचपेन बांधा, मागे कागद लावा आणि क्रँक हाताने सावकाश फिरवा. कागदावर एक बंद वेटोळं उमटतं: खाली जवळजवळ सपाट रेघ, वर कमान. सपाट रेघ म्हणजे पाऊल जमिनीवर असतानाचा प्रवास, कमान म्हणजे उचलून पुढे टाकणं. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा आधी चालवून बघतो, तसं हे चालवून बघणं. रेघ मध्ये फुगली असेल तर जनावर चालताना पाण्यातल्या होडीसारखं वरखाली होईल. एका बाजूला उतरती असेल तर बहुधा ग ची जागा चुकली आहे, खालचे ३९ मोजायचे राहिले आहेत. वेटोळ्याचा आकारच भलता येत असेल, तर ख पासूनचे दोन दांडे उलटे लागले असतील: २५० वर हवा, ३०९.५ खाली. आणि प्रत्येक फेरीला रेघ थोडी वेगळी पडत असेल तर छिद्रं सैल आहेत. त्या कागदावर चाळीस फेऱ्या मारून बघा. एकाच रेघेवर चाळीस रेघा बसल्या तर पाय पास, आणि दोरखंडासारखी जाड पट्टी झाली तर चित्र फार सुंदर आणि पाय नापास. स्विस शिल्पकार ज्यां टिंगली यांनी १९५९ मध्ये चित्रं काढणारी यंत्रं केली होती, त्यांच्या यंत्रात हा हलगर्जीपणा मुद्दाम ठेवलेला असे. तोही खेळच आहे. पण आपल्याला चालवायचंय.

बारा पाय का? क्रँकच्या प्रत्येक पिनवर समोरासमोर दोन पाय, एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. पिना १२० अंशांवर तीन, म्हणजे कुठल्याही क्षणी पुढचा एक आणि मागचा एक तरी पाय जमिनीवर. अशा तीन जोड्या डावीकडे, तीन उजवीकडे. एकाच बाजूच्या तीन जोड्यांवर जनावर उभं राहत नाही, कलंडतं.

क्रँक हा यातला खरा डोकेदुखीचा भाग. सळई वाकवून करायचा मोह होतो, पण वाकवलेला कोन १२० कधीच येत नाही. २५ बाय ३ ची लोखंडी पट्टी घ्या, बारा तुकडे एकत्र वाईसमध्ये धरून सगळ्यांना एकदमच ७५ मिलिमीटरवर दोन छिद्रं पाडा, पिनांना आणि मधल्या शाफ्टला ८ मिलिमीटरची सळई, म्हणून दांड्यांची ख वर येणारी छिद्रंही ८ ची. वेल्डिंगआधी कागदावर १२० अंशांच्या तीन रेघा आखून त्यावर उभं करून जुळवा. इथे फॅब्रिकेशनवाल्याला 'अंदाजे' हा शब्द ऐकू येऊ देऊ नका. दोन्ही टोकांना ६०८ नंबरचं बेअरिंग, आतला व्यास ८, बाहेरचा २२. लांब क्रँक पिळतो, म्हणून जोर मधोमध द्यायचा, टोकाशी नाही.

आधी ढकलून चालवा. पायांच्या पाइपाचं वजन पाच-सहा किलोच्या आसपास भरतं, एका हाताने ढकललं जातं. मोटर हवीच असेल तर धुळ्याच्या हायवेवरच्या गॅरेजांत जुन्या गाडीची वायपर मोटर मिळते, १२ व्होल्टची. ती मिनिटाला चाळीसएक फेरे घेते, ते जनावराला फार. मोटरीवर सायकलचं १८ दात्यांचं फ्रीव्हील, क्रँकवर ४४ दात्यांची चकती, मध्ये चेन, म्हणजे सोळा-सतरा फेऱ्यांवर येतं. फ्रीव्हील उलटं बसवलंत तर मोटर घरघरेल आणि जनावर ढिम्म. वायपर मोटरीत वर्म गिअरची एकच जोडी असते. अमेरिकेतले यंत्रशिल्पकार आर्थर गॅन्सन यांनी पन्नास फेऱ्यांचा एक फेरा करणाऱ्या अशा बारा जोड्या एकामागे एक लावल्या आणि शेवटचा गिअर काँक्रीटमध्ये गाडला. मोटर आरामात फिरते, कारण शेवटच्या गिअरला एक फेरा घ्यायला दोन लाख कोटींहून जास्त वर्षं लागतील. खेळावं तर असं.

वाऱ्याचं नंतर. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगाच नाहीत, पण त्या वाऱ्यात पहिल्याच वर्षी शिडाचं जनावर सोडलं तर ते चालणार नाही, उडेल. दाबलेला वारा पेटच्या बाटल्यांत साठवायची यान्सन यांची युक्ती त्याहून पुढची.

जागा आणि ऋतू मात्र आपल्याला आपलेच ठरवायला लागतील. त्यांचा किनारा थंड, वाळू ओली आणि घट्ट. तापी-गिरणेची कोरडी वाळू भुसभुशीत, पाऊल रुततं. ६३ मिलिमीटरच्या पाइपाच्या चकत्या कापून पावलाला बूट करावे लागतात. काळ्या मातीत तर बघायलाच नको. उन्हाळ्यात भेगेत पाय अडकतो, पावसात प्रत्येक पावलाला किलोभर गोळा चिकटतो. चोपलेलं खळं किंवा शाळेचं मैदान उत्तम. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना उन्हात ठेवलेल्या पाइपाला हात लावत नाही, तो तसाच वजनाखाली उभा राहिला की सगळे लांब दांडे धनुष्यासारखे वाकतात आणि वाकलेलेच राहतात. कामाचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एरवी मोडून सावलीत आडवं ठेवा.

चालवताना पोरांना दोन मीटर लांब ठेवा. दांड्यांच्या कात्रीत बोट सापडलं तर क्रँक दयामाया करत नाही.

आणि लोक विचारणारच, "हाई काय शे भो? याना उपयोग काय?" थंडीत शेतात भरीत पार्टीला वीस जण जमतात, त्याचा उपयोग कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

कुणी करून पाहिलंत तर कमेंटमध्ये अख्ख्या जनावराचा फोटो नको. पहिल्या पायाच्या चाळीस फेऱ्यांचा कागद टाका, काय चुकलंय ते त्यावरून सांगता येईल.